आरजॅग्स इन्स्टॉल झालंय पण चालत नाही, अर्जंट मदत हवी आहे

मुलुंडकर_१७: मुंबईच्या पावसाचं मॉडेल करतोय, आरमध्ये (आकडेवारीची प्रोग्रामिंग भाषा) आरजॅग्स पॅकेज टाकलं, नीट इन्स्टॉल झालं, पण लायब्ररी कॉल केली की जॅग्स सापडत नाही म्हणून लाल अक्षरात बोंब. काढून परत टाकलं, रीस्टार्ट मारला, ढिम्म फरक नाही. सोमवारी गाईडना आउटपुट दाखवायचंय, प्लीज लवकर सांगा.

ठाणे_स्लो: विंडोज की मॅक? आर कुठलं? एरर आहे तशी टाका ना राव.

जुना_बग्सवाला: जॅग्स हा बेझियन मॉडेल (आधीचा अंदाज आणि डेटा जोडून उत्तर काढणारं) चालवणारा वेगळा प्रोग्राम आहे, आरजॅग्स फक्त आरला त्याच्याशी जोडतं. पॅकेजबरोबर तो येत नाही, सोर्सफोर्जवरून उतरवून घ्या. विंडोजवर आर ४.२ किंवा पुढचं असेल तर जॅग्स ४.३.१ च्या खालचं घेऊ नका, जमत नाही.

एचएमसी_भक्त: अजून जॅग्स?? सरळ स्टॅन घ्या, तेच काम करणारा दुसरा प्रोग्राम.

जुना_बग्सवाला: झालं सुरू. स्टॅनला आधी सी++ कंपायलर, विंडोजवर म्हणजे आरटूल्स, तेही आरच्या व्हर्जनशी जुळणारं. माणसाला सोमवारी आउटपुट दाखवायचंय. शिवाय डिस्क्रीट (सुट्या किमतींचे) पॅरामीटर असले की स्टॅनमध्ये बसा हाताने मार्जिनलाइज करत, म्हणजे सगळ्या शक्यतांची बेरीज करून ते काढत.

एचएमसी_भक्त: करा की, त्यात काय. निदान गडबड असली तर डायव्हर्जन्सची, म्हणजे सॅम्पलिंग भरकटल्याची, वॉर्निंग तरी देतं, तुमचं जॅग्स गप्प बसतं.

दादर_फास्ट: मलापण या लाइनमध्ये यायचंय, दादरला चांगला क्लास आहे का कुठला? फी साधारण किती?

मुलुंडकर_१७: विंडोज ११, आर ४.४. लॅपटॉप ऑफिसचा आहे, ॲडमिन पासवर्ड आयटीवाल्यांकडे आणि ते शनिवारी फोन उचलत नाहीत.

ठाणे_स्लो: हे आधी सांगायचं ना! मग गूगल कोलॅब उघडा (ब्राउझरमध्येच कोड चालतो), रनटाइम आर करा, पहिल्या सेलमध्ये सिस्टिम कमांडने एपीटी-गेट इन्स्टॉल जॅग्स, मग आरजॅग्स. सेशन बंद पडलं की सगळं उडतं, त्यामुळे आउटपुट लगेच डाउनलोड करा.

मुलुंडकर_१७: चाललं!! थँक्यू. पण आता कुलाबा आणि सांताक्रूझ, दोन्हीकडची जुलैतल्या रोजच्या पावसाची सरासरी शून्याला चिकटलीये. प्रायर, म्हणजे डेटाआधीचा अंदाज, तर मोकळाच ठेवलाय, डीनॉर्म(०, १००), म्हणजे नॉर्मल.

जुना_बग्सवाला: जॅग्समध्ये तो दुसरा आकडा एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन, आकड्यांचा पसारा) नसतो, प्रिसिजन असतो, म्हणजे एक भागिले व्हेरियन्स (एसडीचा वर्ग). १०० लिहिलं की एसडी ०.१, मग सरासरी हलणार कुठे? एसडी १०० हवी तर ०.०००१ लिहा.

एचएमसी_भक्त: स्टॅनमध्ये तिथे सरळ एसडीच लिहितात, असो. पण रोजच्या पावसाला नॉर्मल? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी आणि कुलाब्याला ७३, हे नॉर्मलच्या घंटेसारख्या वक्रात कसं बसवणार? कोरडे दिवस वेगळे धरा, बाकीच्यांना गॅमा लावा, एका बाजूला लांब शेपूट असलेलं वितरण.

ठाणे_स्लो: त्या दिवशी आम्ही कुर्ल्याहून रुळांवरून चालत निघालो होतो, कुलाब्याच्या मावशीला फोनवर पटतच नव्हतं.

मुलुंडकर_१७: गॅमा नंतर बघतो, सोमवारी नॉर्मलच दाखवतो. आकडे हलले आता. आर-हॅट (वेगवेगळ्या रन एकमेकींशी जुळल्या का ते सांगणारा आकडा) १.०८ आलाय, चालेल?

जुना_बग्सवाला: नाही, १.०१ च्या आसपास आणा. चेन्स (म्हणजे त्या रन) किती, बर्न-इन (सुरुवातीचे टाकून दिलेले नमुने) किती, ते कोण सांगणार?