बालवर्गात मुलांच्या प्रश्नांवरून शिकवायचंय, सुरुवात कुठून करू?

शिंपला:
चार-पाच वर्षांची वीस मुलं आहेत. यंदा ठरलेले पाठ बाजूला ठेवून मुलांच्या कुतूहलावर वर्ग चालवायचा विचार आहे. पहिल्याच दिवशी विचारलं, "तुम्हाला काय शोधायचंय?" एक जण म्हणाला, "डबा कधी खायचा?" बाकी सगळे गप्प. रेजिओ, मॉन्टेसरी, प्रकल्प पद्धत अशा बालशिक्षणाच्या वाटांबद्दल वाचून डोक्याचा भुगा झालाय. जाणकारांनी सांगा.

पाटीपेन्सिल:
या वयातले प्रश्न तोंडापेक्षा हातातून जास्त येतात. विचारत बसू नका, बघत बसा.
आमच्या अंगणात डबकं साचलं होतं, मुलं त्यात उड्या मारत होती. मी काठाने खडूची रेघ ओढली, बास. दुपारी पाणी रेघेच्या बरंच आत. "पाणी कुठे गेलं?" एकीने विचारलंच. दुसरा म्हणाला, "जमीन प्याली." मी चूक-बरोबर काही म्हटलं नाही, फक्त एका ताटलीत पाणी ओतून खिडकीत ठेवलं. दोन दिवसांनी ताटली कोरडी ठाक! आता ताटली पाणी कशी पिणार? त्यावर जी जुंपली! बाष्पीभवन हा शब्द मी काढलाही नाही. घाई काय आहे?

जुना खडू:
रेजिओ हा तयार अभ्यासक्रम नाहीच. 1945 पासून इटलीतल्या रेजिओ एमिलिया शहरात आणि आसपास पालकांनी उभ्या केलेल्या शाळा आणि तिथले शिक्षणतज्ज्ञ लोरिस मालागुझ्झी यांचं काम यांतून ती वाट घडली, ती जशीच्या तशी उचलता येत नाही. नवख्याला प्रकल्प पद्धत सोपी: आधी मुलांना काय ठाऊक आहे ते काढून घ्या, मग प्रत्यक्ष शोध, शेवटी जे सापडलं ते दुसऱ्यांना दाखवणं.
आणि प्रश्न विचारल्यावर थांबा. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांना दिसलं होतं की शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात, गप्प मुलंही बोलू लागतात. करून बघा, ते तीन सेकंद जीव खातात.

काठावरचा:
थोडं थंड पाणी ओततो. अक्षर आणि ध्वनीचा मेळ मुलं आपापली शोधतील या भरवशावर राहू नका, तो शिकवावाच लागतो. आणि वीस जणांत बोलकी चारच मुलं "शोध" लावतात. उरलेल्यांचं काय, याची रोज नोंद ठेवा.

शिंपला:
सगळ्यांचे आभार. आज डब्यापासूनच सुरू केलं: कोणाचं झाकण उघडत नाही आणि का? तीन सेकंद मोजले. चौथ्याला मागच्या रांगेतून आवाज आला, "माझं ओलं आहे, हात घसरतो."