पावसाळ्यात फुटबॉल, उलंगवाडीनंतर (कापूस निघाल्यावर) क्रिकेट : दोन्ही खेळलेल्यांनो, लिहा

चुनी गोस्वामी म्हटलं की 1962 चं जकार्ता, आशियाई खेळांतलं सुवर्णपदक आणि भारताच्या फुटबॉल संघाचा कप्तान, एवढं लोकांना आठवतं. हाच माणूस 1971-72 च्या रणजी फायनलला बंगालचा कप्तान होता, समोर मुंबई. त्याआधी 1966 साली इंदूरला मध्य आणि पूर्व विभागाच्या एकत्र संघानं सोबर्सच्या वेस्ट इंडिजला डावानं हरवलं, त्यात गोस्वामीच्या आठ विकेटी होत्या. डेनिस कॉम्प्टन तर आर्सेनलकडून फुटबॉल आणि इंग्लंडकडून क्रिकेट खेळायचा. महायुद्धात नोकरीनिमित्त महूला होता तेव्हा होळकर संघाकडून 1944-45 च्या रणजी फायनलला नाबाद 249 ठोकून गेला.

हे मोठे लोक झाले. आपल्या वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, भंडारा पट्ट्यात गावोगावी दोन्ही खेळणारे पोट्टे होते, अजूनही आहेत. त्यांचं पुढं काय झालं? कोणता खेळ सुटला, कधी सुटला आणि काऊन सुटला, हे लिहा. नागपूर शहरवाल्यांनी थोडा दम धरावा, तुमच्याकडे मैदानं आहेत. माणसांची नावं टाळा, गाव-तालुका सांगा.

धुऱ्यावरचा विंगर (हिंगणघाटकडचा)

आमच्या गावात कोणता खेळ कधी चालेल हे पिकापाण्यावर ठरायचं. मृग बरसला की शाळेमागच्या पडीक जागेतली काळी माती अशी चिकट व्हायची की क्रिकेटचा बॉल टप्पा पडला तिथंच रुतून बसे. मग फुटबॉल. बांबूचे गोलपोस्ट, वर आडवी दोरी, आणि बॉल दोरीच्या वरून गेला की खालून यावरून रोजची भांडणं. दिवाळीनंतर तीच माती वाळून भेगाळायची. त्या भेगांत फुटबॉल खेळणं म्हणजे घोटा मोडून घेणं. तेव्हा मधल्या पट्ट्यात मुरूम टाकून, पाणी मारून, धुमसानं ठोकून पिच करायचो. कापसाच्या वेच्याला संघ निम्मा व्हायचा, उलंगवाडी झाली की पुन्हा भरायचा. मोठ्या टूर्नामेंटा जानेवारी-फेब्रुवारीत ठेवतात त्याचं कारण हेच.

बुटांची जोडी एकच, शाळेचे पी.टी.चे पांढरे कॅनव्हास. पावसाळा लागला की मोचीकाकाकडून त्यांच्या तळाला जुन्या टायरच्या पट्ट्या आडव्या ठोकून घ्यायचो, तेच आमचे स्टड. दिवाळी झाली की पट्ट्या पकडीनं उपटायच्या, कारण मॅटवर बॉलिंग करताना पुढचा पाय अडकायचा. खिळ्यांची भोकं उरत, त्यात मेणबत्तीचं मेण. तिसऱ्या वर्षी तळात भोकं जास्त आणि रबर कमी, असा प्रकार झाला.

दहावीत आमचा फुटबॉल संघ जिल्हा जिंकून विभागावर गेला. विभागाचा सामना आणि नागपूरची क्रिकेटची निवड चाचणी नेमकी एकाच दिवशी. सर म्हणाले, तू ठरव. घरी विचारलं तर बाप म्हणे, "फुटबॉलले जेवाची सोय हाये ना? मंग तिथं जाय." शाळेच्या संघासोबत गेलं की जाण्या-येण्याचं आणि खाण्याचं शाळा पाहते, चाचणीला पदरचे पैसे घालून जावं लागतं. बापानं हिशेब बरोबर केला होता.

विभागात हरलो, प्रमाणपत्र मिळालं. पुढं खेळलो तो टेनिस बॉल. गावोगावच्या नाईट टूर्नामेंटांना मला मोटरसायकलवर बसवून न्यायचे, मॅचचे पैसे द्यायचे, जिंकलो तर बक्षिसात वाटा. फुटबॉलात मला आयुष्यात कुणी पाच रुपये दिले नाहीत. पण नोकरी दिली ती फुटबॉलच्या फुफ्फुसांनी. पोलीस भरतीत 1600 मीटरला बाकीचे पोट्टे धापा टाकत होते, मी शेवटची चक्कर त्यांना बोल लावत मारली.

कोळसा कॉलनी (घुग्घूसजवळ)

आमच्याकडे वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) कॉलन्या. बाप खाणीत, शेजारी एका बाजूला बंगाली, दुसऱ्या बाजूला तेलुगू. त्यामुळं फुटबॉल हा 'बाहेरचा' खेळ आमच्यासाठी कधीच नव्हता. मैदान एकच आणि दोन्ही खेळांचं. ज्यानं कुणी आखलं त्यानं सिमेंटची विकेट बरोब्बर मधोमध टाकली, म्हणजे फुटबॉलची सेंटर लाइन त्या सिमेंटवरून जायची. पावसाळ्यात तिच्यावर रेती पसरायचो, दोन मॅचेसमध्ये ती उडून जायची. त्या पट्ट्यात कुणी टॅकल करत नसे. दोन्ही संघांचा न बोलता झालेला करार होता. बाहेरगावचे संघ आले की त्यांना हे ठाऊक नसायचं आणि त्यांचे गुडघे सोलून निघायचे. 'होम ग्राउंडचा फायदा' म्हणतात तो असा.

उमेश यादव नागपूर जिल्ह्यातल्या वलनीच्या अशाच खाण कॉलनीतला. त्याचेही वडील खाणीत. पोलीस भरतीची खटपट करणारा, टेनिस बॉलवर वेगात टाकणारा पोरगा 2011 मध्ये कसोटी खेळला आणि आमच्या कॉलनीतली फुटबॉल टीम त्या हिवाळ्यात मोडली. सगळ्यांनाच फास्ट बॉलर व्हायचं होतं. मी लेफ्ट बॅक होतो. माझ्याकडे वेग होता, खांदा नव्हता. दोन हंगाम टाकून पाहिलं, मग आयटीआयला गेलो.

पी.टी. मास्तर (अचलपूर)

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळातून बी.पी.एड. केलं, तेव्हापासून हायस्कूलला आहे. दोन्ही संघ मीच घेतो, दुसरा शिक्षक आहेच कुठं. थोडं तांत्रिक लिहितो.

गोलकीपर असलेला पोरगा विकेटकीपर होईल असं सगळ्यांना वाटतं. हात चांगले असतात, डाइव्हची भीती नसते, हे खरं. पण गोलकीपरला बॉल यायच्या आधी टाचा उचलून उसळी घेण्याची सवय असते. विकेटकीपरनं खाली बसून राहायचं असतं आणि बॉलच्या टप्प्याबरोबर उठायचं असतं. माझे गोलकीपर स्पिनरला पहिले सहा महिने सगळे लवकर उठायचे आणि बॉल हाताखालून बाय. याउलट मिडफिल्डर पोट्टे पॉइंट आणि कव्हरला एक नंबर. बॅट्समनच्या खांद्यावरून त्यांना दिशा कळते, कारण अख्खा पावसाळा समोरच्याच्या कंबरेकडे पाहत घालवलेला असतो.

शरीराचं म्हणाल तर त्रास हंगाम बदलताना होतो. सप्टेंबरपर्यंत फुटबॉल आणि लगेच फास्ट बॉलिंग, तर मांडीची मागची शीर धरलीच म्हणून समजा. फुटबॉलात भार दोन्ही पायांवर फिरता असतो, बॉलिंगला पुढच्या एका पायावर सगळं अंग आदळतं. मी मध्ये दोन आठवडे नुसतं पळणं आणि ताणाचे व्यायाम देतो, बॉल हातात देत नाही. पोरं शिव्या देतात. कॉम्प्टनची गुडघ्याची वाटी फुटबॉलच्या दुखापतीपायी अखेर 1955 मध्ये काढून टाकावी लागली, हे मी त्यांना दरवर्षी सांगतो. कॉम्प्टन कोण हे कुणाला माहीत नसतं, पण वाटी काढली म्हटलं की गप बसतात.

आणि कागद! शालेय स्पर्धांना 14, 17, 19 वर्षांखालचे गट असतात, दाखल्यावर भागतं. क्रिकेट असोसिएशनकडे 16 वर्षांखालच्या मुलांच्या मनगटाचा एक्स-रे होतो, त्यावरून हाडाचं वय काढतात. आपल्या गावांत अजूनही निम्म्या पोरांचा जन्म गुरुजींनी 1 जूनला लावलेला. पोरगं खरंच लहान असूनही अंगानं थोराड असलं की एक्स-रेत बाद होतं. माझे दोन चांगले बॉलर असे फुटबॉलकडे वळले.

वणीची विंग हाफ

इथं अजून एकाही बाईनं लिहिलं नाही म्हणून मी.

फुटबॉल मला शाळेनं दिला. मुलींचा संघ सुब्रतो कप या शालेय फुटबॉल स्पर्धेच्या तालुका फेरीत उतरवायचा होता, अकरा जणी भरत नव्हत्या, मला उभं केलं. क्रिकेट भावांसोबत, वावरात. तिथं माझी बॅटिंग शेवटी आणि बॉल पऱ्हाटीत गेला की शोधायला मी. तरी कटर (टप्प्यावरून वळणारा वेगाचा बॉल) मला भावांपेक्षा बरा पडायचा. शाळेत मुलींचा क्रिकेट संघच नव्हता, त्यामुळं दोन खेळांत निवड करायची वेळच आली नाही. बारावीनंतर फुटबॉलही गेला, कारण लग्न.

एलिस पेरी 2007 साली सोळाव्या वर्षी ऑस्ट्रेलियाकडून दोन आठवड्यांत क्रिकेट आणि फुटबॉल दोन्ही खेळायला लागली आणि 2011 च्या फुटबॉल विश्वचषकात स्वीडनविरुद्ध तिनं गोल केला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तिच्या गोलापेक्षा तिच्या आईचं नवल वाटलं. दोन-दोन किट धुतले कुणी?

माझी पोरगी आता दोन्ही खेळते. सासूबाई म्हणतात, "खेळू दे वो, कोणतं एक तरी लागंन." मी सध्या त्यांच्या पार्टीत आहे.

झाडीपट्टी एक्स्प्रेस (साकोली)

आमच्याकडे धान. बांधीतलं पाणी उतरलं की धसकटात फुटबॉल, अनवाणी. तळपाय बघायला या कधी.

नाईट टूर्नामेंट कमिटी

फुटबॉलवाले उगाच रडतात. स्पर्धा ठेवा, वर्गणी काढा, बक्षीस लावा, पोट्टे आपोआप येतील. आम्ही लावतो, म्हणून क्रिकेट चालतं.

एका पोराचा बाप (आर्णी)

कमिटीवाल्या भाऊंना सांगतो, बक्षिसानं संघ येतो, किट येत नाही. पोरगा दोन्ही खेळायचा. फुटबॉलला एका बॉलवर बावीस पोरं खेळतात. लेदर बॉलला पॅड, ग्लोव्हज, गार्ड, हेल्मेट, आणि कोच म्हणाले काश्मीर विलोच्या बॅटीवर पुढं चालणार नाही, इंग्लिश विलोची घ्या. चांगल्या इंग्लिश बॅटीच्या पैशात माझ्या सोयाबीनच्या बियाण्याच्या तीन बॅगा येतात. पेरणीच्या तोंडावर हे मागणं आलं. मी बॅग घेतली. पोरगा काही बोलला नाही, त्याच्या मामानं मात्र वर्षभर ऐकवलं. पुढच्या साली त्याच मामानं वापरलेली बॅट आणून दिली, हँडलला सायकलच्या ट्यूबचं रबर चढवलेली. तोवर पोरगा कॉलेजच्या फुटबॉल संघात रमला होता. बॅट अजून घरात आहे, लेकाची आई त्या बॅटीनं वाळवणावरची माकडं हाकलते.

वाद घालणारा (वरोरा)

मूळ धाग्याबद्दल. गोस्वामींचं उदाहरण देताना एक लक्षात घ्या. ते 1964 मध्येच आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झाले, वय जेमतेम सव्वीस. क्रिकेटमधली त्यांची मोठी कामगिरी त्यानंतरची. म्हणजे एक उतरला आणि दुसरा चढला. कॉम्प्टनच्या काळी इंग्लंडात हिवाळ्यात फुटबॉल आणि उन्हाळ्यात क्रिकेट असे हंगाम वेगळे होते, म्हणून 1947 साली एका उन्हाळ्यात 3816 धावा काढून तो पुन्हा आर्सेनलला जाऊ शकला. इंग्लंडचा पुरुषांतला शेवटचा दुहेरी आंतरराष्ट्रीय आर्थर मिल्टन, फुटबॉल 1951 आणि कसोटी 1958. त्यानंतर दोन्ही हंगाम फुगत गेले आणि एकमेकांवर चढले. आपल्याकडे अजून शाळेच्या पातळीवर पाऊस ते काम करतो. तालुक्याच्या वर गेलं की वेळापत्रक कार्यालयात बनतं आणि तिथं पाऊस पडत नाही.

बारावी सायन्स (पांढरकवडा)

मी सध्या खेळतो आहे म्हणून विचारतो. फुटबॉल जिल्ह्यापर्यंत झाला, स्ट्रायकर आहे. क्रिकेटमध्ये ऑफस्पिन टाकतो, चाचणीला जायचं आहे. सरकारी नोकरीतल्या 5 टक्के क्रीडा आरक्षणासाठी कोणता खेळ धरू? घरचे म्हणतात एकच धर.

पी.टी. मास्तर (अचलपूर)

बेटा, आरक्षणात खेळापेक्षा स्पर्धेची पातळी आणि तिथला तुझा क्रमांक पाहतात. नुसत्या जिल्ह्याच्या सहभागावर काही होत नाही. प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याकडून करून घ्यावी लागते, तेव्हा मूळ कागद लॅमिनेट करू नकोस, झेरॉक्स वेगळ्या ठेव. फुटबॉलचा संघ यंदा विभागावर जाणार असेल तर आधी तो खेळ, तिथून राज्याची वाट आहे. चाचणी तुझ्या एकट्याची असते, पुढच्या वर्षी वय बसत असेल तर तेव्हाही देता येईल, तेवढं जन्मतारखेवरून बघून घे. आणि गेलास तर पांढरे कपडे घालून जा, फुटबॉलची जर्सी घालून लेदर बॉलच्या नेटमध्ये उभा राहू नकोस. ऑफस्पिनर आहेस, एका ओव्हरमध्ये सहा प्रकार दाखवायच्या भानगडीत पडू नको, सहाही एकाच जागी टाक.