मदत हवी आहे: युंकर्स जू २८७ चं मॉडेल शेपटीवर बसतंय

नमस्कार मंडळी. १/७२ मापात जू (युंकर्स) २८७ व्ही-१, म्हणजे या विमानाचा पहिला चाचणी-नमुना, करतोय. पुढच्या दिशेला झुकलेल्या पंखांचं हे जर्मन जेट बॉम्बर ८ ऑगस्ट १९४४ ला लाइपझिगजवळच्या ब्रांडिसहून पहिल्यांदा उडालं. धड हाइंकेल १७७ या दुसऱ्या जर्मन विमानाचं, शेपूट जू ३८८ चं, पुढची चाकं तर पाडलेल्या अमेरिकी लिबरेटर बॉम्बरची! या जोडाजोडीच्याच मी प्रेमात पडलोय.

अडचण अशी, की भाग न चिकटवता नुसते जुळवून उभं केलं की मॉडेल मागे कलंडतं. नाकाला काच असल्यामुळे तिथे वजन लपत नाही. नाकाच्या दोन बाजूंची इंजिनं पोकळ आहेत. त्यांत मासेमारीच्या जाळ्याची शिसं भरली तर पुढच्या चाकांचे नाजूक पाय टिकतील का? की आत पितळी तार घालू?

दुसरं म्हणजे, हवेचा प्रवाह टिपायला खऱ्या विमानाच्या पंखांवर लोकरीचे धागे चिकटवले होते आणि शेपटीपुढे कॅमेरा बसवला होता. ते धागे मला दाखवायचेच आहेत. शिवणाचा दोरा उसवून पाहिला, पण फार जाड दिसतो. कुणी काय वापरलंय? पुढच्या आठवड्यात धड चिकटवायचं आहे, त्याआधी कृपया सांगा.