चारुकेशी राग गिटारवर नुसत्या स्केलसारखा (ओळीने वाजवलेल्या स्वरांसारखा) का वाजतो?

कोथरूडकर: डी हा षड्ज (सा) धरून चारुकेशी वाजवतोय: डी, ई, एफ शार्प, जी, ए, बी फ्लॅट, सी. स्वर बरोबर, पण राग वाटत नाही. सोळा मात्रांच्या तीनतालात तिहाई (तीनदा वाजवायचा तुकडा) समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येत नाही, ते वेगळंच.

तारवाला: अहो, एकेक पडदा दाबत गेलात तर स्केलच ऐकू येणार. दुसऱ्या तारेवर पाचव्या पडद्यावरचा रे अनामिकेने धरा, मागे दोन बोटांचा टेकू द्या आणि मनगट फिरवून गंधारापर्यंत ओढा. आधी सातवा पडदा वाजवून तो ग कानात भरून घ्या, नाहीतर बेंड (तार ओढून काढलेला स्वर) हमखास उतरा राहतो. उतरत्या मींडेसाठी (वरच्या स्वरावरून खालच्यावर न तुटता येण्यासाठी) तार न छेडता आधी ओढा, मग छेडा, मग हळूच सोडा. तरंगता ब्रिज (तारा अडकवलेला, स्प्रिंगवर हलणारा भाग) असेल तर ओढताना बाकीच्या तारा उतरतात, म्हणजे षड्जाची तार सोबत वाजली की बेसूर. डिस्टॉर्शनही (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) कमी ठेवा. जास्त झालं की मींडेतले बारकावे चेपले जातात.

समेचा_माणूस: तिहाईसाठी पाच मात्रांचा तुकडा तीनदा, मध्ये एकेक मात्रा रिकामी. एकूण 17. समेवरून सुरू केलीत की शेवटचा ठोका पुढच्या समेवर. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 60 वर ठेवून आधी तोंडाने म्हणा. बोटं नंतर.

कोथरूडकर: आणि कॉर्ड?

तारवाला: डी मेजर, जी मायनर, एवढंच पुरे. जी मेजर घेतलात की बी शुद्ध होतो आणि कोमल धैवत (बी फ्लॅट) गेलाच.