कमी साखरेचं दही, पण झाकण काढून लगेच खाता येईल असं

बी-४०२: नमस्कार. विषय सोसायटीचा नाही, आधीच माफी मागते. सकाळी मी आणि लेक एकाच वेळी बाहेर पडतो. दोघंही फळांच्या स्वादाचं कपातलं योगर्ट खातो, झाकण काढलं की झालं. काल पहिल्यांदाच कपाच्या मागचं वाचलं. १०० ग्रॅमला साखर १४ ग्रॅम! साखर कमी, पण इतकंच सोपं असं काही कोणी घेतं का?

ए-१०१: घरी विरजण लावा. विषय संपला.

बी-४०२: काका, विरजण लावते हो. पण डब्यात नेलं की पाणी सुटतं आणि लेक म्हणतो आंबट आहे. 'सोपं' हा शब्द मी मुद्दाम लिहिलाय.

सी-२०३: वहिनी, त्या १४ मधली सगळी साखर वरून घातलेली नसते. दुधाची स्वतःची असते, लॅक्टोज. साध्या दह्यातही १०० ग्रॅमला ४-५ ग्रॅम निघते. म्हणून १४ मधून ५ वजा करा, राहिले ९. छोटा चमचा साधारण ४ ग्रॅमचा धरला तर सव्वादोन चमचे.

बी-४०२: एवढ्याशा कपात सव्वादोन? मी चहात एक घालते आणि त्यावरूनही घरात बोलणी खाते.

बी-३०४: अरे देवा. मी इतके दिवस साखर शून्य लिहिलेलं दही शोधत होते. साध्या दह्यावरही ४.५ दिसलं म्हणून परत फळीवर ठेवून आले.

सी-२०३: ताई, तेच घ्यायचं होतं. घटकांमध्ये फक्त दूध आणि विरजणाचे जिवाणू असतील तर वरची साखर शून्य. काही पाकिटांवर 'एकूण साखर' आणि 'अ‍ॅडेड शुगर' अशा दोन ओळी असतात. तुम्हाला दुसरीशी मतलब. ती नसेल तर वजाबाकी.

ए-१०१: दही लागताना जिवाणू साखर खातात ना? मग उरते कशी?

सी-२०३: खातात काका, तिचंच लॅक्टिक आम्ल होतं, म्हणून तर दही आंबट. पण सगळी नाही संपवत.

ए-५०२: कप किती ग्रॅमचा तेही बघा. आमच्याकडचा १५० चा निघाला. १०० ला १३, म्हणजे कपात साडेएकोणीस. दुधाचे सात काढले तरी बारा, तीन चमचे. पिण्याच्या योगर्टची बाटली तर त्याहून मोठी आणि उभ्या उभ्या संपते, खाल्ल्यासारखं वाटतही नाही.

बी-४०२: मग लो फॅट घेऊ का?

ए-५०२: लो फॅट म्हणजे लो शुगर नव्हे. स्निग्धांश काढला की चव उतरते, ती भरून काढायला बऱ्याचदा साखर येते. मी वर्षभर हलकं समजून खाल्लं. दोन्ही ओळी वेगवेगळ्या वाचा.

बी-६०१: साधं ग्रीक योगर्ट घ्या. त्यातलं पाणी निथळून काढलेलं असतं. साध्या दह्यात १०० ग्रॅमला ३-४ ग्रॅम प्रथिनं, यात ८ ते १०. पाण्याबरोबर थोडी साखरही जाते. पोट भरलेलं राहतं. फक्त 'साधं' हा शब्द सोडू नका, स्ट्रॉबेरीवाल्या ग्रीकमध्ये परत तीच कथा.

बी-३०४: मी आणलेल्यावर प्रथिनं ४ च आहेत. नाव 'ग्रीक स्टाइल'.

बी-६०१: त्या 'स्टाइल'मध्येच मेख आहे ताई. न निथळता स्टार्च वगैरे घालूनही घट्ट करता येतं. नाव सोडा, प्रथिनांचा आकडा बघा.

ए-१०१: म्हणजे चक्काच की! चाळणीत फडकं घाला, त्यात दही, खाली भांडं, रात्रभर फ्रिजमध्ये. याला ग्रीसला कशाला जायला हवं?

बी-६०१: हे मात्र खरं काका.

बी-४०२: आणि फडकं कोण धुणार?

ए-१०१: तुमचे हे.

सी-७०१: उद्या टाकी धुणार आहेत, ११ ते २ पाणी येणार नाही. कृपया नोंद घ्यावी. बाकी दही चालू द्या.

सी-५०१: आम्ही 'नो अ‍ॅडेड शुगर'वालं आणतो. गोड लागतं तरीही. हे कसं काय?

ए-५०२: घटकांची यादी वाचून सांगा ना.

सी-५०१: दूध, स्ट्रॉबेरी, स्टार्च, सुक्रालोज...

ए-५०२: सापडलं. साखर नाही, पण गोडी आणणारा पदार्थ आहे. २०२३ मध्ये डब्ल्यूएचओनं सांगितलंय की वजन आटोक्यात ठेवायला असे पदार्थ वापरू नयेत. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांच्यासाठी ती शिफारस नाही, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावं. माझं म्हणाल तर कधीतरी ठीक. पण मुलांना रोज दिलं तर जीभ तेवढीच गोड मागत राहते.

बी-३०४: म्हणून मी साध्या दह्यात मध घालते. नैसर्गिक.

सी-२०३: ताई, आज तुमच्याच मागे लागल्यासारखं होतंय, पण मधही साखरेतच धरतात. फळांचा रससुद्धा. डब्ल्यूएचओचं २०१५ चं सांगणं असं की ही मोकळी साखर दिवसभराच्या कॅलरींच्या १०% च्या आत हवी. ५% च्या आत आली तर आणखी बरं, म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम, सहा चमचे. दुधातली आणि अख्ख्या फळातली साखर यात येत नाही.

सी-२०२: आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध थेंबभरही नको, बोटुलिझमचा, म्हणजे जिवाणूंमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेचा धोका असतो. ग्रुपवर दोन तान्ही बाळं आहेत म्हणून लिहिलं.

बी-३०४: बरं बाई. मध बंद. आता दह्यात काय घालू, अश्रू?

बी-२०१: मी सहसा इथे काही लिहीत नाही, पण माझं दोन वर्षं हेच चालू आहे म्हणून सांगते. कप घ्यायचेच नाहीत. बिनसाखरेच्या घट्ट दह्याचा मोठा डबा घ्यायचा. रविवारी आणि बुधवारी रात्री झाकणाच्या छोट्या बरण्या भरायच्या, एका वेळी तीन-चार. तळाला फ्रोझन फळांचे तुकडे, वर दही. फळ फ्रिजमध्ये हळूहळू सुटतं, रस तळाशीच राहतो आणि खाताना ढवळलं की रंग येतो. दुकानातल्या कपासारखंच दिसतं, मुलांना त्याचंच कौतुक. केळं आदल्या रात्री घालू नका, काळं पडतं. सकाळी पिकलेलं केळं काट्यानं चेचून टाकलं की साखरेची आठवण येत नाही. दालचिनीची चिमूट किंवा व्हॅनिलाचे दोन थेंब घातले तर गोड नसून गोड भासतं. बदाम-अक्रोड वेगळ्या डबीत न्या, आत घातले तर मऊ पडतात. वर पाणी दिसलं तर ओतू नका, ढवळा. भरायला दहा मिनिटं लागतात, तीही टीव्ही बघत.

बी-४०२: ताई, तुम्ही इतके दिवस गप्प का होतात? पण लेक साधं दही तोंडात धरत नाही, त्याचं काय करू?

बी-२०१: एकदम बदलू नका. त्याच्या आवडीचं अर्धं आणि साधं अर्धं. तुमचं १४ वालं आणि साधं ५ चं मिसळलं तर साडेनऊ होतं, वरची साखर तिथेच निम्मी. दोन आठवड्यांनी आवडीचं पाव, साधं पाऊण. माझीला महिना लागला. आता तोच जुना कप दिला की म्हणते, फार गोड आहे.

बी-६०१: नेताना बॅगेत बर्फाची पिशवी ठेवा. दोन तासांहून जास्त बाहेर राहू देऊ नका, उन्हाळ्यात त्याहूनही कमी.

ए-३०३: मला दूध पचत नाही म्हणून लॅक्टोज-फ्री आणते. ते गोड लागतं, साखर घातलेली असते का?

सी-२०३: साध्या लॅक्टोज-फ्रीमध्ये नसते. लॅक्टोज एन्झाइमनं फोडून ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज करतात. साखर तेवढीच, जिभेला मात्र जास्त गोड लागते. सोया किंवा बदामाचं घेणार असाल तर 'अनस्वीटन्ड' लिहिलंय ना ते बघा. बदामाच्यात प्रथिनं फार नसतात.

(पाच दिवसांनंतर)

बी-४०२: अहवाल देते. आज अर्धं-अर्धं दिलं. लेकानं ओळखलं, वास घेऊन बघितला, पण बरणी रिकामी परत आली. काकांचा चक्काही केला. छान घट्ट झाला, ग्रीकची गरज पडली नाही.

ए-१०१: फडकं कोणी धुतलं?

बी-४०२: ह्यांनी. आता चाळणी सापडत नाहीये.