कोयता आणि छाटणीची कात्री घरच्या निसण्यावर पाजवता येईल का?

प्रश्न: आंब्याच्या बागेतील आमचा कोयता बोथट झाला आहे. एका बाजूने खरखरीत व दुसऱ्या बाजूने बारीक असलेल्या दगडावर तो घरीच पाजवता येईल का? छाटणीच्या कात्रीलाही हीच रीत चालेल का?

उत्तर १: अवश्य येईल. ग्राइंडर टाळलेलाच बरा, कारण तापून पाते निळे पडले की त्याचे पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरते आणि मग धार टिकत नाही. कोयता ओंडक्यावर पक्का धरावा आणि ओला दगड सुमारे २५ ते ३० अंशांच्या कोनात मुठीकडून टोकाकडे फिरवावा. पलीकडे बोटाला बारीक खरखरीत कड जाणवू लागली की बाजू बदलावी व शेवटी बारीक दगडाने ती कड हलक्या हाताने काढावी.

उत्तर २: कात्रीची रीत वेगळी आहे. एकमेकांना घासून जाणाऱ्या पात्यांच्या कात्रीत कापणाऱ्या पात्याचा उतार एकाच बाजूस असतो, तेवढाच घासावा. सपाट बाजूवर कोन दिल्यास पात्यांत फट राहते आणि फांदी कापली न जाता चिरडते.

उत्तर ३: दातेरी विळा मात्र या दगडावर घासू नये, दाते झिजून जातात. पाजवल्यावर पाती कोरडी पुसून तेलाचा हात फिरवावा. कोकणच्या दमट हवेत गंज फार लवकर चढतो.