अर्धी जागा कातळावर, अर्धी भरावावर: एकाच खड्ड्याच्या अहवालावर पाया घ्यावा का?

प्रश्न (रत्नागिरी तालुका)
खाडीकडे उतरत जाणाऱ्या आमच्या ८ गुंठे जागेत तळमजला आणि वर दोन मजले असे घर बांधायचे आहे. वरचा भाग उघड्या जांभा कातळाचा आहे. खालच्या भागात आधीच्या मालकाने चिरेखाणीतला चुरा टाकून सहा-सात फूट भराव केला आहे. माती तपासणीच्या अहवालात १.५ मीटर खोलीवर सुटी फूटिंग (प्रत्येक खांबाखाली स्वतंत्र रुंद पाया) आणि प्रति चौरस मीटर २० टन धारणक्षमता (जमीन सुरक्षितपणे पेलेल तेवढा भार) सुचवली आहे. मात्र तपासणीचा खड्डा एकच घेतला, तोही वरच्या कोपऱ्यात. शेजारच्या विहिरीत दहा फूट जांभ्यानंतर पांढरी-पिवळी मऊ चिकणमाती लागल्याचे मी स्वतः पाहिले आहे. काम सुरू करावे का?

उत्तर १ (स्थापत्य अभियंता, चिपळूण)
कृपया सध्या सुरू करू नका. विहिरीत दिसलेली माती हाच तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे. जांभा उघड्यावर वाळून कठीण होतो, पण त्याच्या खाली पुष्कळदा अशी चिकणमाती असते, जी उन्हाळ्यात भिंतीसारखी उभी राहते आणि पावसाळ्यात पाणी मुरले की ताकद गमावते. तुमच्याकडे जांभ्याची जाडी दहा फूट धरली, तर १.५ मीटरवर ठेवलेल्या फूटिंगखाली जेमतेम दीड मीटर जांभा उरतो. दोन मीटर रुंद फूटिंगच्या भाराचा परिणाम मात्र तळाखाली तीन मीटरपर्यंत सहज पोचतो, म्हणजे तो भार त्या मातीवरही येणार.

आयएस १८९२ (पायासाठी जमीन तपासण्याचे भारतीय मानक) नुसार सुमारे ०.४ हेक्टर जागेसाठी चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे बोअर (यंत्राने घेतलेली खोल छिद्रे) किंवा खड्डे घ्यावेत. लहान इमारतीला मध्यभागी एकच घेतला तरी चालतो. परंतु जमीन दोन प्रकारची असताना ही सवलत घेणे मला पटत नाही. खालच्या बाजूला किमान दोन बोअर घ्या आणि मातीच्या थरात एसपीटी करून घ्या, म्हणजे ६३.५ किलोचा हातोडा ७५० मिलिमीटरवरून सोडून, नळी मातीत शिरायला किती ठोके लागतात ते मोजतात आणि त्यावरून मातीचा घट्टपणा कळतो ती चाचणी.

उत्तर २ (घरमालक, गुहागर तालुका)
आमच्या घराचा पुढचा भाग कातळावर आणि मागचे स्वयंपाकघर भरावावर होते. दुसऱ्याच पावसाळ्यात मागचा दरवाजा लागेनासा झाला आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून चिऱ्यांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी तडा जोत्यापर्यंत उतरला. त्यात रुपयाचे नाणे उभे शिरत असे. गिलावा दोनदा केला, तरी तडा तिथेच उघडला. माझी कळकळीची विनंती आहे, भरावावर एकही खांब ठेवू नका.

प्रश्नकर्ता
घर बारा-पंधरा फूट वर सरकवता येईल. त्याचा उपयोग होईल का?

उत्तर १
नक्कीच होईल, आणि शक्य असेल तर तोच मार्ग मी आधी निवडेन. तरीही काही खांब भरावात आलेच, तर त्यांचे फूटिंग भराव पूर्ण ओलांडून मूळ घट्ट थरात न्या, प्रत्येकाचा तळ सपाट ठेवा आणि सर्व खांब जोत्याच्या बीमने बांधून घ्या. खाली मऊ माती जाड निघाली, तर राफ्ट (सगळ्या घराखाली एकच सलग काँक्रीटचा पाया) की पाइल (खोल घट्ट थरापर्यंत नेलेले काँक्रीटचे खांब) हे बोअरच्या निकालावर ठरवावे लागेल. आज अंदाजाने सांगणे योग्य नाही. वरून वाहत येणारे पाणी पायाजवळ मुरू न देता गटाराने बाजूला काढा.

खाडी जवळ असल्याने काँक्रीट एम ३० (मजबुतीची प्रत) आणि फूटिंगचे कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) ५० मिलिमीटरपेक्षा कमी नको. विहिरीचे पाणी मचूळ असेल तर ते तपासल्याशिवाय काँक्रीटमध्ये वापरू नका. आयएस ४५६ (काँक्रीटचे भारतीय मानक) मध्ये सळईच्या काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यातील, सळई गंजवणाऱ्या क्लोराइडची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे.